जुना जॅझ बेस: पिकअप मागवण्याआधी काय तपासावं आणि बदल कुठल्या क्रमाने करावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॅझ बेसच्या (फेंडरच्या प्रसिद्ध बेस गिटारच्या) घडणीचा, चार तारांचा, पॅसिव्ह (बॅटरीशिवायचा) बेस वापरलेल्या अवस्थेत घेतला आहे. एकाच पिकअपचा (तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबक-कॉइलचा) व्हॉल्यूम उघडला की घूं असा हम येतो. ई तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर खणखणते. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एक सूर लागतो न लागतो तोच मरतो. नवे पिकअप, प्रीअँप (बॅटरीवरचं आवाज वाढवणारं सर्किट) आणि जड ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग) एकदम मागवावेत का? आणि पुढे हाच बेस नेहमीच्या ई-ए-डी-जी ऐवजी बी-ई-ए-डी असा खाली लावता येईल का?

एकदम मागवू नका. खणखण सेटअपची आहे. हम काही अंशी या पिकअपच्या जातीचाच आहे आणि काही अंशी वायरिंगचा असू शकतो. मरणारा सूर लाकडाचा आहे. म्हणजे नवे पिकअप, प्रीअँप आणि ब्रिज तिन्ही बसवूनही तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी जशाच्या तशा राहू शकतात. शिवाय सगळं एका दिवशी बदललं तर कशामुळे काय सुधारलं आणि काय बिघडलं हे शोधता येत नाही. आधी तारा, मग सेटअप, मग वायरिंग, आणि त्यानंतर उरलेल्या तक्रारीपुरते सुटे भाग, असा क्रम ठेवा.

तारा आणि सेटअप

जुन्या तारांवर सेटअप करणं म्हणजे फुकट मेहनत. ४५-६५-८५-१०५ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असा साधा संच घाला. तार कापण्याआधी तिला काटकोनात मोड द्या आणि मोडाच्या पुढे कापा. मोड न देता कापली तर काही तारांचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होतं आणि ती तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन ते तीन वेढे हवेत, तेही वरून खाली उतरणारे. त्यामुळे नटवरून (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीवरून) तार तिरकी खाली जाते आणि घट्ट बसते. ए तारेला बहुतेक वेळा वरून दाबणारी खिट्टी नसते, म्हणून तिच्या वेढ्यांकडे जास्त लक्ष द्या. बेस सुरात लावल्यावर नटच्या पुढे आणि सॅडलच्या (ब्रिजवरच्या तारेच्या टेकणाच्या) पुढे तार बोटाने एकदा हलकी दाबा. तिथे तिची कमान राहिलेली असते. ती बसली नाही तर सूर धूसर येतो आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) फसतं.

आता नेकचा रिलीफ, म्हणजे नेकला असलेला हलका बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर फीलर गेजने मोजा. साधारण ०.३ मिमी हवं. फिंगरबोर्ड जुन्या घाटाचा, ७.२५ इंच रेडियसचा (जास्त गोलाईचा) असेल तर ०.३५. तुमच्याकडे ते बहुधा ०.१ किंवा त्याहून कमी भरेल, कारण खणखण फक्त पहिल्या पाच फ्रेटवर असणं हे नेक फार सरळ किंवा मागे वाकलेला असल्याचं लक्षण आहे. ट्रस रॉड (नेकमधली बाक जुळवणारी सळई) पाव फेरा सैल करा, पुन्हा सुरात लावा, मोजा. काही नेक लगेच हलतात, काही एक रात्र घेतात, म्हणून एका बैठकीत अर्ध्या फेऱ्यापेक्षा पुढे जाऊ नका. अ‍ॅलन की नेमक्या मापाचीच हवी. रॉडच्या इंचाच्या मापाच्या तोंडात जवळपासची मिलिमीटरची की बसल्यासारखी वाटते आणि षटकोनाचे कोपरे खाऊन टाकते. एकदा ते गोल झाले की दुरुस्ती किचकट होते. रॉड घट्ट करताना जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि तारा सैल करून पुन्हा पाहा. काही बेसमध्ये रॉडचं तोंड बॉडीकडच्या टोकाला असतं. तिथे नेक सुटा करूनच फिरवावं लागतं, त्यामुळे एका वेळी एक-अष्टमांश फेरा, संयमाने.

रिलीफ झाल्यावर अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. ९.५ ते १२ इंच रेडियसला सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि जी तारेखाली २ मिमी हा चांगला आरंभ आहे. ७.२५ इंचाला प्रत्येकी ०.४ मिमी जास्त धरा. जोरात वाजवणाऱ्याला याहून वर जावं लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

खणखण कुठे होते यावरून कारण बरंच ओळखता येतं. फक्त मोकळी तार खणखणली तर नटची खाच खोल गेली आहे. बाराव्या फ्रेटच्या पुढेच खणखण असेल तर अ‍ॅक्शन खाली आहे किंवा नेकचं शेपूट (बॉडीकडचं टोक) वर उचललं गेलं आहे. एकाच सुरावर खणखण असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच झालेला आहे. तो खरंच उंच आहे का हे तीन लगतच्या फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवून कळतं. पट्टी डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. नट उंच आहे का हे पाहायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. ती केसाएवढी हवी. दिसण्यासारखी मोठी असेल तर खालचे सूर दाबताना तीव्र होतात, आणि मग माणूस इंटोनेशनला दोष देत बसतो.

सॅडल पूर्ण खाली टेकूनही अ‍ॅक्शन उंचच राहत असेल तर नेकच्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला, पाचर घालावी लागते. अर्ध्या मिलिमीटरच्या पाचरीने नेकचा कोन इतका बदलतो की ब्रिजपाशी सॅडलला सुमारे २ मिमी जास्तीची जागा मिळते. पुठ्ठ्याचा तुकडा चालतो, पण पूर्ण खाचेच्या आकाराची उतरती लाकडी पट्टी जास्त बरी, कारण छोट्या पाचरीमागे पोकळी राहते आणि काही नेकचं शेपूट कालांतराने तिथेच वर उचलतं.

मग पिकअपची उंची, आणि ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोलपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत ई बाजूला सुमारे ३ मिमी आणि जी बाजूला २.५ मिमी ठेवा. अल्निको चुंबकाचे पिकअप याहून खूप वर आणले तर चुंबक तारेला ओढतात. वरच्या फ्रेटवर ई तारेचा सूर लाटेसारखा डोलतो, ट्यूनर स्थिर होत नाही आणि सूर लवकर संपतो. ‘पिकअप गढूळ आहेत’ ही तक्रार अनेकदा दोन स्क्रू फिरवून मिटते. दोन्ही पिकअप आळीपाळीने उघडून आवाजाची पातळी सारखी येईपर्यंत नेककडचा खाली घ्या, ब्रिजकडचा वर ढकलू नका.

इंटोनेशन सर्वात शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर जुळवा. दाबलेला सूर तीव्र असेल तर सॅडल मागे, कोमल असेल तर नटच्या दिशेने पुढे. ई तारेचं सॅडल मागे जाताना स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन अडलं तर स्प्रिंगचे दोन वेढे कापा.

हम आणि वायरिंग

जॅझ बेस १९६० साली आला तेव्हापासून त्याची मूळ रचना दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची आहे. दोन्ही पिकअपचं वेटोळं आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना हम एकमेकांत रद्द होतो. एक थोडा जरी खाली आणला की हम परत येतो. फेंडरच्याच प्रिसिजन बेसला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप असल्याने हा त्रास नाही. तेव्हा एकाच पिकअपवर हम येणं हा तुमच्या बेसचा बिघाड असेलच असं नाही. चाचण्या करून ठरवा.

पहिली चाचणी: दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. हम जवळजवळ गेला तर पिकअपची जोडी बरोबर आहे. दुसरी: एकच पिकअप उघडा आणि खुर्चीत गोल फिरा. दिशेप्रमाणे हम कमी-जास्त झाला तर तो ट्रान्सफॉर्मर आणि वीजवाहिन्यांच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो आहे. त्याच्यावर तांब्याचा पत्रा कितीही लावला तरी उपयोग नाही. तिसरी: तारांना हात लावा. चिरचिर कमी झाली तर ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे आणि उरलेलं काम शिल्डिंगने (खोबणींत तांब्याचं अस्तर लावून) सुधारेल. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची वायर तुटली आहे. हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकवर गरम (सिग्नलची) आणि ग्राउंड वायरी उलट लागल्या आहेत. तारांना हात लावून माइकला ओठ लागल्यावर झटका बसत असेल तर मात्र बेस बाजूला ठेवा. तो दोष वीजपुरवठ्याच्या अर्थिंगचा किंवा अँपचा आहे. अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून हम घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, त्यात जीव जातो.

बेस न उघडता पिकअप तपासता येतात. केबल लावा, दुसऱ्या टोकाच्या जॅकवर मल्टिमीटर धरा, एक व्हॉल्यूम पूर्ण आणि दुसरा शून्य करा. ७ ते ८ किलोओहमच्या आसपास आकडा आला की कॉइल शाबूत. दोन्ही पूर्ण केल्यावर तो साधारण निम्मा व्हायला हवा. शंभराच्या वरचा आकडा म्हणजे कॉइल किंवा तिची वायर तुटलेली. या आकड्यावरून आवाजाची प्रत कळत नाही. जास्त किलोओहम म्हणजे चांगला पिकअप हा समज सोडा.

आता कंट्रोल प्लेट उघडा. मूळ आखणीत प्रत्येक पिकअपची गरम वायर व्हॉल्यूम पॉटच्या (फिरवायच्या नियंत्रकाच्या) मधल्या कानाला (जोडणीच्या टोकाला) येते आणि आउटपुट बाहेरच्या कानावरून निघतो. एक व्हॉल्यूम शून्य केल्यावर दुसराही गप्प होत असेल तर कुणीतरी गिटारच्या पद्धतीने, उलट जोडलं आहे. वापरलेल्या बेसमध्ये हे सर्रास दिसतं आणि सोल्डरच्या दोन डागांत सुधारतं. पॉट २५० किलोओहमचे आणि टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, हे तपासा. पॅसिव्ह पिकअपला चुकून २५ किलोओहमचे पॉट लागले तर आवाज रजई पांघरल्यासारखा येतो. ते अ‍ॅक्टिव्ह पिकअपसाठी असतात. महागडे कपॅसिटर घेण्यात अर्थ नाही. मूल्य तेच असेल तर फरक ऐकू येत नाही.

पॉट बदलणार असाल तर आधी भोक मोजा. आयात बेसच्या प्लेटला अनेकदा ७-८ मिमी भोक असतं. पूर्ण आकाराच्या पॉटचा गळा ९.५ मिमी असतो आणि दांडा ६.३५ मिमी, गुळगुळीत. प्लेटचं भोक वाढवावं लागेल आणि जुने दातेरी नॉब बसणार नाहीत.

डागासाठी ४० ते ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, चपटं टोक, रोझिन गाभ्याची ०.८ ते १ मिमी सोल्डर. नळकामाची आम्लाची पेस्ट कधीही नाही, ती तांबं खाते. पॉटच्या पाठीला सँडपेपर मारा, आधी पाठ तापवा आणि मग सोल्डर द्या. कानाला दोन-तीन सेकंद, पाठीला पाच. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर इस्त्री अशक्त आहे आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो आहे. डाग चकचकीत हवा. मळकट, दाणेदार दिसला तर पुन्हा तापवा.

शिल्डिंगसाठी तांब्याची फॉइल पिकअपच्या खोबणींत आणि कंट्रोलच्या खोबणीत लावा. गोंद विद्युतवाहक नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा थेंब हवा. तिन्ही खोबणी एकमेकींना आणि ग्राउंडला वायरने जोडा, नाहीतर तो पत्रा नुसता सजावटीचा. मीटरवर कुठल्याही दोन बिंदूंत १ ओहमच्या आसपास यायला हवं. आणि जॅकच्या गरम पात्याजवळ फॉइलवर विजेची टेप चिकटवा. शिल्डिंग करून प्लेट बंद केल्यावर आवाजच बंद झाला, तर बहुतेक वेळा ते पातं फॉइलला टेकलेलं असतं. केबल घातल्यावर ते बाहेरच्या दिशेला आणखी सरकतं, म्हणून चाचणी केबल घालूनच करा.

तरीही पिकअप बदलायचे असतील

चांगलं कारण एकच आहे: तुम्ही बहुतेक वेळ एकच पिकअप वाजवता आणि हम सोसत नाही. मग हम रद्द करणारे, त्याच आकाराचे पिकअप घ्या. एकावर एक कॉइल असलेले जुन्या आवाजाच्या जवळ जातात पण वरची झळाळी थोडी घटते. शेजारी-शेजारी दोन तुकडे असलेले जास्त ठोस वाटतात. मागवण्याआधी दोन्ही खोबणींची लांबी मोजा. प्रचलित मापात ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा सुमारे ३ मिमी लांब असतो, पण अनेक स्वस्त बेसना दोन्ही सारखेच असतात.

सिंगल कॉइलचा एकच पिकअप बदललात आणि दोन्ही मिळून आवाज पातळ, पोकळ आला तर फेज उलट आहे. तेव्हा हम वाढतो की घटतो तेही ऐका. पातळ आवाजासह हमही वाढला असेल तर नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, दोन्ही दुरुस्त होतील. पातळ आवाज आहे पण हम रद्द होतोय, तर वायरी उलटवून आवाज भरेल आणि हम येईल; ही जोडी मुळात जुळणारी नाही. दोन्ही पिकअपच्या चुंबकाची वरची बाजू होकायंत्राने तपासली की हे बसवण्याआधीच कळतं. दोन्ही सारख्या बाजूने ओढत असतील तर एक परत करा.

मरणारा सूर आणि ब्रिज

जी तारेच्या पाचव्या-सातव्या फ्रेटजवळचा मेलेला सूर बोल्ट-ऑन (स्क्रूने जोडलेल्या) नेकच्या चार-तारी बेसला इतका सामान्य आहे की त्याला दोष म्हणणं जड जातं. त्या सुराची कंपनसंख्या नेकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळते आणि तारेची ऊर्जा नेक खाऊन टाकतो. खात्री करायला हेडस्टॉकचं टोक दाराच्या चौकटीला दाबून सूर वाजवा. तो टिकला तर निदान पक्कं. न टिकल्यास फ्रेट सैल आहे का बघा. हेडस्टॉकला वजन लावलं तर मेलेली जागा खाली सरकते, हलक्या खुंट्या बसवल्या तर वर सरकते. सरकते, नाहीशी होत नाही. दोन फ्रेटच्या मध्ये ढकलता आली तर नशीब. नाहीतर पाचव्या फ्रेटचा सी डी तारेवर दहाव्याला मिळतो आणि सातव्याचा डी बाराव्याला, तिथे वाजवा.

जड ब्रिज यावर उपाय नाही. जुन्या वाकवलेल्या पत्र्याच्या ब्रिजवर सॅडल आडवी सरकत असतील किंवा उंचीचे स्क्रू आपोआप उतरत असतील तर बदला, एवढंच. पाच स्क्रूंची जागा जुळते का आणि तळ किती जाड आहे ते पाहा. तळ जाड असेल तर पुन्हा पाचरीचं काम निघतं.

प्रीअँपबद्दल थोडक्यात. तो असलेला हमही तितकाच वाढवतो, म्हणून वायरिंग निस्तरल्याशिवाय नको. अँपवर किंवा पेडलमध्ये इक्वलायझर आहे तोवर घाईही नको. बसवलाच तर स्टिरिओ जॅकच्या मधल्या पात्याला बॅटरीची ऋण वायर जाते आणि केबल घातली की सर्किट चालू होतं. वाजवून झाल्यावर केबल काढायची सवय लावा. १८ व्होल्ट निर्मात्याने चालतात असं लिहिलं असेल तरच द्या. पॅसिव्हवर जाणारा बायपास स्विच अवश्य ठेवा, बॅटरी संपते ती कार्यक्रमाच्या मध्येच.

बी-ई-ए-डी

आत्ताची ई तार नुसती सैल करून बी केलीत तर तिचा ताण मूळच्या ५६ टक्क्यांवर येतो. ती रबरासारखी लोंबेल. ६५-८५-१०५-१३० असा संच हवा. १३० ची तार म्हणजे ३.३ मिमी. ती नटच्या खाचेत, ब्रिजच्या भोकात आणि खुंटीच्या फटीत जाते का हे तिन्ही आधी पाहा. खुंटीत अडत असेल तर टोकाला बारीक होत जाणारी तार घ्या. नटच्या चारही खाचा रुंद कराव्या लागतात आणि मग जुना संच त्यात खेळतो, म्हणून मूळ नट काढून जपून ठेवा आणि दुसरा घडवा. खाचेचा तळ हेडस्टॉककडे उतरता हवा. बी तारेचं सॅडल ई तारेपेक्षा काही मिलिमीटर मागे जातं, तेवढी जागा ब्रिजवर शिल्लक आहे का तेही मोजा. ताण बदलल्यामुळे रिलीफपासून सगळा सेटअप पुन्हा होईल. बी तारेखाली ३ मिमीपर्यंत अ‍ॅक्शन लागली तर लागू द्या.

अँपवर बासचा (खालच्या सुरांचा) नॉब वाढवून खालचा बी भरदार होत नाही. मोकळ्या बीची मूळ कंपनसंख्या ३१ हर्ट्झच्या जरा खाली आहे आणि बहुतेक बेस कॅबिनेट तिथे फारसं काही देत नाहीत. कान तो सूर ६० आणि ९० हर्ट्झच्या वरच्या स्वरांवरून ओळखतो. ३० ते ३५ हर्ट्झला हायपास (त्याखालचा आवाज अडवणारा फिल्टर) लावा आणि ६० ते १२० च्या पट्ट्यात थोडं वाढवा, स्पीकरचा कोन निरर्थक हलायचा थांबेल.

तुम्हाला फक्त दोन-चार गाण्यांपुरता खालचा डी हवा असेल तर हा सगळा खटाटोप नको. ई तार डीवर उतरवली तर ताण ७९ टक्के राहतो. १०५ ऐवजी ११० ची तार घातली की तीही ढिलाई बरीच भरून निघते.